टोमॅटोच्या चार ओळी

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी चित्रा शेतावर पोचली, तेव्हा आणखी दोन वांगी माना टाकून उभी होती.

काल संध्याकाळी निघताना तिने वाफ्यातल्या एकेका झाडाला हात लावून पाहिलं होतं. ही दोन्ही तेव्हा टवटवीत होती; एकाला तर जांभळं फूल होतं. आज ते फूल खाली लोंबत होतं. पानं हिरवीच, पण कढत पाण्यातून काढल्यासारखी. पिवळेपणा नाही, डाग नाही, पोखरलेलं भोक नाही. झाड मरण्याआधी काहीतरी सांगतं, असं तिला आजवर वाटत आलं होतं. ही झाडं काहीही न सांगता जात होती.

"अकरा झाली," ती म्हणाली.

शेजारच्या शेतातून पंढरी आला होता. चित्राचे वडील, अप्पा, होते तेव्हापासून या जमिनीवर त्याचं लक्ष असे. पन्नाशीचा माणूस, भातकापणी आटोपून निवांत झालेला. त्याने झाडाचा शेंडा दोन बोटांत धरून सोडून दिला.

"पानी कमी परलं असंल."

"काल तर दिलं की."

"मंग जास्ती जालं असंल."

चित्राला हसू आलं आणि रडूही आलं. तीन आठवडे हेच चाललं होतं. खतांच्या दुकानदाराने बुरशी सांगितली आणि निळसर पावडर दिली. मिरचीची पानं चुरडायला लागली तेव्हा त्यानेच आणखी एक जहाल औषध दिलं, दर चार दिवसांनी मारा म्हणाला. मोबाइलवरच्या ॲपने वांग्याचा फोटो पाहून नत्र कमी आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाचा पलीकडून फोटो काढला, तर पाणी जास्त झालंय म्हणालं. शाळेतल्या जुन्या सहकारी कलावतीबाईंनी ताक आणि हिंग फवारायला सांगितलं. चित्राने सगळं केलं. ज्या दिवशी जे ऐकलं ते त्या दिवशी खरं वाटलं. ठाण्याच्या शाळेत तिने एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, आणि आता आपल्याच वाफ्यात उभं राहून तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

निवृत्तीनंतर ती रोज पहाटे नौपाड्यातून निघायची, आंबिवलीला उतरायची, तिथून रिक्षाने काळू नदीच्या अंगाला असलेल्या या अडीच एकरांवर यायची. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, चवळी, काकडी, दोडका, मुळा, माठ, पालक, झेंडू, कडेने मका, आधी भात आणि भातानंतर वाल. मोजली तर चौदा पिकं होती. एकच पीक लावलं तर एकच रोग सगळं घेऊन जातो, असा तिचा साधा हिशेब. पण या वर्षी चौदा पिकांच्या चौदा तक्रारी झाल्यासारखं वाटत होतं.

त्यात टोमॅटोचं दुःख वेगळंच. बांधालगतच्या चार ओळी, ऐन फुलावर. दसऱ्यानंतर ती दोन दिवस पुण्याला गेली होती. आल्यावर आठवड्याभरात शेंड्याची पानं पिळवटून, बारीक होऊन, नेच्याच्या पानांसारखी दिसायला लागली. दुकानदार म्हणाला, व्हायरस आहे, ठेवाल तर सगळं शेत जाईल. वसुबारसेच्या दिवशी तिने चारही ओळी स्वतःच्या हाताने उपटल्या. थोरला भाऊ हरिहर तेव्हा बांधावर उभा होता. "दादा, उपटू ना रे?" असं तिने विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "तुला योग्य वाटेल तसं कर."

ती झाडं अजून बांधाच्या टोकाला ढिगात पडली होती. जाळायला तिला धीर होत नव्हता.

* * *

अकराच्या सुमारास हरिहर आला. डोंबिवलीहून थोरल्या मुलाने, सुश्रुतने, गाडीतून आणलं होतं. सुश्रुतची बायको मैथिली आपल्या भावाकडे नाशिकला गेलेली. हरिहर अडुसष्ट वर्षांचा. डोंबिवलीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून उभी हयात काढलेला, आता गुडघ्यांनी बेजार. सुश्रुतने त्याला हाताला धरून शेतातल्या खोलीसमोरच्या पत्र्याखाली खुर्चीवर बसवलं.

"किती गेली?" हरिहरने पहिला प्रश्न तोच विचारला.

"अकरा."

तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला.

चित्राने डाळिंब्यांची उसळ घरूनच करून आणली होती; पुऱ्या तेवढ्या इथे तळायच्या होत्या. ओवाळणीचं ताम्हन तिने खोलीतल्या फळीवर तयार ठेवलं होतं. सुश्रुत आत आला, एक पुरी उचलून तोंडात टाकली आणि काखेतली प्लास्टिकची फाइल तिच्यासमोर धरली.

"आत्या, आज सणाचा दिवस आहे, तर चांगलंच बोलतो. टिटवाळ्याचे नर्सरीवाले तयार आहेत. पाच वर्षांचा करार. जमीन आपलीच राहणार."

"आणि लावणार काय?"

"लॉन. कल्याणमध्ये एवढे टॉवर उभे राहतायत, सगळ्यांना तयार हिरवळ लागते. गालिच्यासारखी गुंडाळून न्यायची. एकच गवत, एकच फवारणी, टेन्शन नाही."

"अडीच एकरांत नुसतं गवत?"

"मग आत्ता काय आहे? चौदा पिकं आणि चौदा रोग!" त्याचा सूर चढला नव्हता; उलट त्यात काळजीच होती. "सिरियसली सांग, तू एकसष्टची आहेस. एकटी येतेस. गणपतीत इथे घोणस निघाली ते तू फोनवर हसत हसत सांगितलंस. बाबा रात्रभर झोपले नव्हते. कशासाठी चाललंय हे? टोमॅटो गेले, वांगी चाललीत, मिरचीचा चुरडा झालाय. बाबांचंही हेच मत आहे. हो ना, बाबा?"

हरिहर बाहेरून म्हणाला, "तिच्यावर आहे. मी काय सांगणार."

चित्रा कढईकडे पाहत राहिली. चार महिन्यांपूर्वी हाच विषय निघाला, तेव्हा दादा तिच्या बाजूने ठाम उभा राहिला होता. अप्पांची जमीन आहे, चित्रा जे करील ते करील, असं सुश्रुतला दटावलं होतं. हल्ली तो कुठल्याच बाजूने नीट बोलत नव्हता. वांगी का मरतात तेही कळेना, आणि हा असा का वागतो तेही. तिला एकदम थकल्यासारखं झालं.

"दे," ती म्हणाली. "जेवणं झाली की सही करते."

सुश्रुतला हे इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं. तो गोंधळून म्हणाला, "म्हणजे, वाचून तरी बघ."

* * *

जेवणं व्हायच्या आधीच हरिहरचा धाकटा मुलगा सौमित्र आणि त्याची बायको रचना मोटारसायकलवरून आले. शहाडला रचनाचं माहेर. वडील जगन, आई मंजुळा आणि भाऊ प्रेम तिथे राहत. दोघं काल तिकडेच मुक्कामाला होती. रचनाच्या घरी, बौद्ध कुटुंबात, भाऊबीज करत नसत. ती आली होती ती सौमित्र म्हणाला म्हणून.

चित्राने "ये" म्हटलं आणि पुढे काय बोलावं ते तिला नेहमीप्रमाणे सुचलं नाही. चार वर्षांपूर्वी कल्याणला या दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, त्या दिवशी चित्रा तापाने अंथरुणात होती. निदान सगळ्यांना तिने तसं कळवलं होतं. तेव्हापासून दोघींमध्ये सौजन्य होतं, पण सहजपणा नव्हता. रचना कर्जतकडे संशोधन केंद्रात पिकांच्या रोगांवरच काम करायची, हे तीन आठवड्यांत चित्राला पन्नास वेळा आठवलं होतं. पन्नासही वेळा तिने फोन खाली ठेवला होता. ज्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो नाही, तिला कुठल्या तोंडाने विचारायचं?

सौमित्रनेच तोंड फोडलं. "आत्या, वांगी मरतायत म्हणे? मला परवा सुश्रुतदादाकडून कळलं. हिला का नाही विचारलंस?"

"राहू दे रे, सणाला आलीय ती."

"मी बघू का?" रचनाने विचारलं.

"आता बघून काय फरक पडणार?" सुश्रुत म्हणाला. "आत्याने ठरवलंय. सगळ्यांनी आपापलं औषध सांगून झालंय. तू आणखी एक सांगशील."

"मी औषध सांगणार नाही, भाऊजी. बघते म्हटलं फक्त."

ती वाफ्यात गेली. मागोमाग चित्रा, मग सौमित्र, पंढरी; आणि नको नको म्हणत सुश्रुतही.  मेलेलं झाड पाहण्याआधी रचनाने जिवंत झाडं पाहिली. पाटाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं ते विचारलं. मग सकाळीच मान टाकलेलं एक वांगं मुळासकट अलगद उपटलं, जमिनीलगतचं खोड तिरकं कापलं आणि म्हणाली, "आत्या, काचेचा ग्लास मिळेल? आणि स्वच्छ पाणी."

ग्लास आला. रचनाने खोडाचा बोटभर तुकडा पाण्यात असा धरला की कापलेलं टोक नुसतं बुडावं. ग्लास उन्हाकडे केला.

"काय दिसायचंय?" सुश्रुतने विचारलं.

"थांबा जरा."

मिनिटभर काहीच झालं नाही. पंढरी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग खोडाच्या टोकातून दुधासारखा एक पांढरा धागा सुटला आणि डुलत डुलत तळाकडे जाऊ लागला. त्यामागून दुसरा. तिसरा. स्वच्छ पाण्यात धुकं उतरावं तसं.

"आयला," सौमित्र म्हणाला.

"जिवाणू आहेत," रचना म्हणाली. "मर रोग. झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्यांतच जाऊन बसतात. नळ्या तुंबतात. म्हणून पान हिरवं असतानाच झाड कोसळतं. खाली ओल असूनही तहानेने मरतं."

चित्रा त्या धाग्यांकडे पाहत होती. तीन आठवडे तिला वेडं करणारी गोष्ट ग्लासभर पाण्यात, अशी, भर उन्हात बाहेर आली होती. "आणि मी बुरशीचं औषध मारत बसले."

"वरून मारलेलं आतपर्यंत पोचत नाही. कुठलंच नाही."

"आलं कुठून पण हे?"

"ते सांगता येणार नाही. रोपांबरोबर आलं असेल, पाण्यातून आलं असेल. मातीत आधीपासूनही असेल. खरंच माहीत नाही." रचना थांबली. पुढचं बोलावं की नाही असं तिला झालं असावं. "पसरलं कसं, ते मात्र कळतंय. पाट या वाफ्यातून पुढच्या वाफ्यात जातो. आणि फुटवे तुम्ही कशाने काढता?"

चित्राने कमरेची छोटी सुरी दाखवली. दर आठवड्याला ती याच सुरीने एका झाडाचे फुटवे काढून पुढच्या झाडाकडे जायची. निगुतीने, एकही झाड न सोडता.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"एकतीस वर्षं मुलांना जंतू शिकवले मी, रचना."

 रचना मिरचीकडे वळली. पान उलटं करून भिंग लावलं, तेच भिंग चित्राच्या हातात दिलं. पानाच्या शिरांमध्ये ठिपक्यांएवढे जीव सावकाश हलत होते.

"हे कोळी. पान खाली वळलंय बघा. फुलकिडे असते तर वर वळलं असतं. दोन्हीला लोक चुरडाच म्हणतात, औषधं मात्र वेगळी. तुम्ही जे मारलंत त्याने कोळ्यांना खाणारे मित्रकिडे मेले आणि हे मोकाट सुटले. मिरची वाचेल. ते औषध थांबवा आधी."

"म्हणजे तो रोग वेगळा आणि हा वेगळा?" सौमित्रने विचारलं.

"पूर्ण वेगळा. सगळे एकच कारण शोधत होते. इथे एक नाहीच आहे."

सुश्रुतला राहवलं नाही. "मी तेच म्हणतोय! इतक्या भानगडी एका शेतात कशाला? एकच पीक असतं तर एकच रोग असता."

"आणि तो आला असता तर आज सगळी जमीन मोकळी झाली असती," रचना शांतपणे म्हणाली. "चवळी, भेंडी, काकडी, माठ बघा की. उभी आहेत. मर त्यांना धरत नाही. आत्यांचं चुकलं ते एवढंच, की वांगी, टोमॅटो, मिरची एका कुळातली. ती तिन्ही शेजारी शेजारी लावली."

हे चित्राने सातवीला शिकवलं होतं. फळ्यावर फूल काढून.

"बरं, टोमॅटो कुठेयत?" रचनाने विचारलं.

* * *

ढिगापाशी ती बराच वेळ उकिडवी बसली. वाळलेला एक शेंडा पाण्यात भिजवून सरळ केला, पाहिला, दुसरा पाहिला. मग उठून बांधाच्या कडेने चालत गेली. बांधाच्या या टोकाशी, टोमॅटोच्या ओळींना लागूनच, चवळीचा तुकडा होता. त्यातल्या बांधालगतच्या एकाच ओळीची पानं आक्रसून पेल्यासारखी झाली होती. दुसरी ओळ थोडी. तिसरी अगदी निरोगी.

"व्हायरस असा पट्टी लावून येत नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. बांधावरचं एकदांडीचं तण उपटून तिने चित्रासमोर धरली. दांडा पिळवटून सुजला होता. "आत्या, इथे तणनाशक कुणी मारलं?"

"कुणीच नाही. मी आजवर वापरलेलं नाही. बांधावरचं तण पाऊस गेला की आपसूक वाळतं."

"मारलंय. तणाचं औषध वाऱ्याने उडालं की टोमॅटो अशीच वळतात. हुबेहूब व्हायरससारखी. दोन-तीन आठवड्यांपूर्वी, बहुतेक."

चित्राने पंढरीकडे पाहिलं. पंढरी खाली बघत होता. मग त्याने मान वर केली, पण तिच्याकडे नाही. लांब पत्र्याखालच्या खुर्चीकडे.

"पंढरी?"

"ताई, मना काय ठाव की असं व्हईल. भाऊ बोलले, बांधावर टाकल्याचं तन कमरंएवढं जालंय, जनावर बसतं त्यात. तुमी पुन्याला गेलेलाव ना, तवा औषद मारलं मी. भाऊ बोलले ताईला नको सांगू, ती नको बोलंल."

क्षणभर चित्राला वाक्यांचा अर्थच लागेना. शब्द कळले, पण ते एकमेकांना जोडून जे होत होतं ते डोक्यात शिरेना. तिने ढिगाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. हरिहर उठून उभा राहिला होता. काठी टेकत, गुडघा आखडत तो बांधापर्यंत आला. कुणी त्याला हात दिला नाही.

"दादा, तू मारायला सांगितलंस?"

"घोणस निघाली होती, चित्रा. तू सकाळी अंधारात येतेस. मी तिथे डोंबिवलीत बसून..."

"ते मी समजू शकते. ते सोड." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पानं वळली तेव्हा तुला कळलं होतं? की नव्हतं कळलं?"

हरिहरने नजर ढिगाकडे वळवली.

"तू केमिस्ट आहेस, दादा."

"कळलं होतं," तो म्हणाला. "तू फोटो पाठवलास तेव्हाच."

"आणि मी वसुबारसेला एकेक झाड उपटत होते. तू इथे, या इथे उभा होतास. मी तुला विचारलं!"

"आत्या, बाबांनी तुझ्या काळजीपोटी..." सुश्रुत मध्ये पडला.

"तू गप्प बस, दादा," सौमित्र थोरल्या भावावर उसळला. "तुझीच फाइल तयार होती ना? सोयीचं झालं सगळं!"

"अरे, मला हे आत्ता कळतंय! माझा काय संबंध?"

"आपसात भांडू नका," रचना म्हणाली. पण तिचंही तोंड उतरलं होतं. विचारायला नको होतं, असं काहीतरी.

"मला सांगायचं होतं," हरिहर म्हणाला. "त्या दिवशी तोंडावर आलेलं. पण सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, आणि... आणि मनात असंही आलं, की गेले टोमॅटो तर जाऊ देत. थकेल, थांबेल. घरी बसेल. निदान जिवंत राहील." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "भीतीने गप्प बसलो की तू हरावीस म्हणून, ते मला स्वतःलाच कळत नाही, चित्रा. खरं सांगतो. पंधरा दिवस तेच शोधतोय."

त्याने थाप मारली असती तर तिला सोपं गेलं असतं. हे जे होतं त्याचं काय करायचं, ते तिला कळेना. अप्पा गेले त्या आठवड्यात हाच भाऊ रोज डोंबिवलीहून नौपाड्यात येऊन तिला जेवायला घालून जायचा. आणि हाच भाऊ ती झाडं उपटताना नुसता पाहत होता.

"ती झाडं वाचली असती का?" तिने रचनाला विचारलं.

रचनाने क्षणभर हरिहरकडे पाहिलं. "काही वाचली असती. नवीन फुटवा सरळ येतो बऱ्याचदा. बांधापासून लांबच्या दोन ओळींना तर फारसं काही झालंही नसावं."

"आज ओवाळणी राहू दे, दादा," चित्रा म्हणाली. "माझ्या हातून होणार नाही."

ती वांग्यांच्या वाफ्याकडे निघून गेली.

* * *

थोड्या वेळाने रचना तिथे आली. हातात खताच्या रिकाम्या गोण्या होत्या.

"आजच काढायला हवीत सगळी," ती म्हणाली. "मेलेली, आणि त्यांच्या आजूबाजूचीही. मुळांसकट, मातीसकट, इथेच गोणीत भरायची. फरपटत न्यायची नाहीत. पाट वळवून घेऊ. पुढे दोन-तीन वर्षं या वाफ्यात वांग्याच्या कुळातलं काही नको. मका लावा, झेंडू लावा. वांगी पलीकडे लावता येतील, रानवांग्यावर कलम करून. ती तग धरतात. रोपं मी करून देईन."

चित्रा खाली बसून एका झाडाभोवतालची माती सैल करत होती. थांबली नाही, वर पाहिलंही नाही.

"तुमच्या लग्नाच्या दिवशी मला ताप नव्हता," ती म्हणाली.

रचना गोणीचं तोंड दुमडत होती. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुम्ही फोन उचलेनात म्हणून सौमित्रने दुपारी तुमच्या शेजारी केलेला. तुम्ही बाजारात गेलाय म्हणून शेजारच्या आवडाबाईंनी सांगितलं. माझी आई तुमच्यासाठी वेगळी साडी घेऊन आलेली. परत नेली तिने."

चित्राचे हात मातीत थांबले. "मग विचारलं नाहीस कधी?"

"काय विचारायचं? उत्तर माहीत होतं. विचारलं असतं तर तुम्हाला आणखी एक खोटं सांगावं लागलं असतं." तिच्या स्वरात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "आज आले तीही तुमच्यासाठी नाही आले. सौमित्रसाठी आले. झाडं बघितली मग राहवलं नाही, एवढंच."

"मी आता तुला काय म्हणू, ते मला..."

"आत्ता काही म्हणू नका. धरा ही गोणी."

दोघी कामाला लागल्या. सौमित्रने बाह्या सरसावल्या, पंढरीने फावड्याने पाट वळवला. सुश्रुत बांधावर फाइल घेऊन उभा होता, मग त्याने ती गाडीत टाकली आणि परत येऊन विचारलं, "आत्या, म्हणजे सहीचं..."

"या वर्षी नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"माहीत नाही रे. मला आज काहीच माहीत नाही. तुझ्या वडलांवर रागवायचं की त्यांना जेवायला वाढायचं, तेही ठरत नाहीये. मका लावायचा तेवढं माहीत आहे. तो लावते."

 सुश्रुत चांगले बूट काढून, पँट दुमडून वाफ्यात उतरला. "कुठलं काढू?"

"फूल असलेलं. ते डावीकडचं," रचना म्हणाली. "जपून. माती सांडू नका."

तिसऱ्या गोणीपाशी चित्रा अडली. दोन्ही हातांत मुळासकट झाड, मातीचा गड्डा सुटायला आलेला, आणि गोणीचं तोंड मिटलेलं. सौमित्र लांब होता, रचना पाठमोरी. तेवढ्यात कुणीतरी गोणीची कड धरून ती उघडली.

हरिहर वाफ्याच्या कडेला जमिनीवर बसला होता. गुडघे न वाकणारा माणूस तिथे खाली कसा बसला होता कोण जाणे; काठी बाजूला पडली होती, आणि उठायला त्याला दोघांची मदत लागणार होती. दोन्ही हातांनी त्याने गोणीचं तोंड ताणून धरलं होतं.  तिच्याकडे न बघता तो गोणीच्या आतल्या अंधारात पाहत राहिला.

चित्रा हातातलं झाड घेऊन उभी राहिली. माती बोटांतून गळायला लागली होती.

"नीट धर," ती म्हणाली, आणि झाड आत सोडलं.